औषध बसतं कुठं

मोताळ्याच्या पुष्पांजलीनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा तिला एकोणचाळिसावं लागलं होतं. बुलढाण्याच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. द्रावणं करायची, परीक्षानळ्या मांडायच्या, असं चौदा वर्षं चाललं होतं.

निमित्त घरातच घडलं. सासरे निवृत्तीराव हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायचे. सोयाबीन सोंगताना गुडघे धरले म्हणून त्यांनी दुकानातून दुखण्याची गोळी आणली. चार दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, रक्त थांबलं. परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "काऊन व पोरी, दोन्ही दवायाच ना? मंग त्यायचं आपसात काऊन जमत नाही?"

"मले नाही माहीत, मामाजी," ती म्हणाली. आपलंच उत्तर तिला टोचत राहिलं.

तिनं विभागप्रमुख अनुपमा मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "कारणं बरीच असतात. त्यातलं एक रक्तात सापडतं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन औषधांना अंगावर घेऊन फिरतं. बसायच्या जागा मोजक्याच. दुसरं औषध त्याच जागेवर आलं, तर पहिल्याला उठावं लागतं."

"हे दिसतं का, मॅडम?"

"यंत्राला दिसतं. रक्त पातळ करणारं हे औषध स्वतःच चकाकतं. अतिनील प्रकाश टाकला की थोडा उजेड परत देतं. प्रथिनावर बसलं की कितीतरी जास्त. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात."

मॅडमच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव नोंदवून पुष्पांजली सकाळी आठलाच यंत्रापाशी येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी चौकोनी कुपीत नुसतं औषध घातलं, तर पडद्यावर बुटकी टेकडी उमटली. मग अल्ब्युमिनचं द्रावण सोडलं आणि टेकडीचा डोंगर झाला. खरं वाटेना म्हणून तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा डोंगर.

आता दुखण्याच्या औषधाची पाळी. एक थेंब पडला, डोंगर खचला. दुसऱ्या थेंबाला आणखी खचला. ती जवळजवळ पळतच मॅडमकडे गेली. "उठवलं त्यानं, मॅडम."

मॅडमनी आलेख निरखला. "प्रथिन न घालता दोन्ही औषधं एकत्र मोजलीस?"

मोजली नव्हती. दुखण्याचं औषध नुसताच प्रकाश गिळत असेल, तर कोणी कोणाला उठवलेलंच नाही. पुढचे आठ दिवस तिचं घरात लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं. नवव्या दिवशी हिशेब लागला: उजेडातल्या घटीचा पाचवा हिस्सा प्रकाश गिळल्यामुळे होता. बाकीची घट खरीच होती. जागेसाठी झटापट चालली होती, आणि ती तिनं मोजली होती. त्या संध्याकाळी मोताळ्याच्या गाडीत तिला बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली.

निवृत्तीरावांना तिनं वाट्या मांडून सारं समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "हाव, पन उठलेली दवाई जाते कुठं?"

"रक्तातच मोकळी फिरते. मोकळी असते तीच काम करते."

"मंग किती वेळ फिरते?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. पण या वेळी तिला टोचलं नाही. तिनं वही ओढली, प्रश्न लिहून घेतला, आणि जेवण वाढायचं राहिलंय हे तिला सासूबाईंनी सांगावं लागलं.