फाटकावरचे सहाजण

देवळीच्या जिनिंगचे मॅनेजर वासुदेवराव इखार यांच्याबद्दल गावात कोणी वाईट बोलत नसे. देवळीत ही गोष्ट सोपी नाही. आमच्याकडे देवळातल्या घंटेच्या आवाजाबद्दलही दोन पक्ष आहेत.

माणूस दिसायला साधा. टेरिकॉटची पँट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. कापसाचा हंगाम सुरू झाला की हवेत उडणारी रुई त्यांच्या भुवयांवर बसायची ती होळीपर्यंत. बाकीची माणसं वयाने पिकतात, वासुदेवराव हंगामाने पिकत, आणि उन्हाळ्यात पुन्हा तरुण होत. बायको आनंदाबाई म्हणायच्या, लग्न ठरवायला हे भर हंगामात आले असते तर माझ्या बापानं दारातूनच परत पाठवलं असतं.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं असतात, त्यांना आमच्याकडे रेचे म्हणतात. रेचा दिसतो गरीब, पण त्याला हात आणि कापूस यांतला फरक कळत नाही. कापूस लावणाऱ्याचं लक्ष क्षणभर हललं की बोटं आत. देवळीच्या या जिनिंगमध्ये वीस-बावीस वर्षांत असे सहा हात गेले होते. जिनिंगचे मालक चंद्रभानशेठ आणि वासुदेवराव यांनी मिळून त्यावर एक रीत घालून दिली होती. ज्याचा हात रेच्यात गेला, त्याची जागा फाटकावर. पगार तोच, निवृत्तीपर्यंत. कागद नाही, करार नाही, वासुदेवराव दवाखान्यात खाटेपाशी जाऊन सांगत, "बरा झाला की फाटकावर येजो," आणि ते पक्कं असे.

त्यामुळे एवढ्याशा फाटकाला सहा चौकीदार झाले होते. एकाने फाटक उघडायचं, दुसऱ्याने लावायचं, तिसऱ्याने गाडीचा नंबर बघायचा, आणि उरलेल्या तिघांनी हे तिघं काम नीट करतात की नाही यावर टीका करायची. त्यांचा म्होरक्या नत्थू. त्याचा डावा पंजा पंच्याऐंशी साली गेला. त्याला बोलण्यात हरवणं कठीण होतं. कोणी ट्रकवाला फाटक उघडायला उशीर झाला म्हणून ओरडला की नत्थू शांतपणे म्हणायचा, बाबा, आमचे सहा जणांचे मिळून सहाच हात आहेत, जरा हिशोबानं हॉर्न वाजव.

दसऱ्याला रेच्यांची पूजा व्हायची. तिचा मान शेठजींचा नव्हता, या सहाजणांचा होता. ज्याला ज्या रेच्याने चावलं, त्याने त्या रेच्यासमोर नारळ फोडायचा आणि डोकं टेकवून म्हणायचं की माझ्यावर भागव, आता दुसऱ्याला चावू नको. मग शेठजी त्या सहाजणांना टोपी घालत आणि वासुदेवराव त्यांच्या पाया पडत. नत्थू त्या दिवशी वासुदेवरावांना आशीर्वादही द्यायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सहा हात गेले, तरी रेच्यांवर लोखंडी जाळ्या बसवाव्यात हे शेठजींना सुचलं नाही, आणि वासुदेवरावांनी त्यांना ते सुचवलं नाही. चांगुलपणा होता, पण तो हात गेल्यानंतरचा होता.

दोन हजार तीन साली शेठजींनी जिनिंग विकली. मुलगा पियुष नागपूरला मोबाइलच्या धंद्यात रमला होता आणि शेठजींचे गुडघे दुखत होते. घेतली एका परदेशी कंपनीने. ती कंपनी नेमकी कुठल्या देशाची, यावर चहाच्या टपरीवर महिनाभर चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की ती कुठल्याच देशाची नाही, अशा कंपन्या तशाच असतात.

कंपनीने पुण्याहून धनंजय नावाचे साहेब पाठवले. वय तिशीच्या आत, वागणं अतिशय गोड. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला सर म्हणू नका, नुसतं धनंजय म्हणा. वासुदेवरावांनी आठवडाभर प्रयत्न केला, पण जीभ वळेना. शेवटी तडजोड होऊन 'धनंजय साहेब' ठरलं. या साहेबांनी ऑफिसात एक काचेचा फलक लावला. त्यावर कंपनीची पाच मूल्यं होती, इंग्रजीत आणि खाली मराठीत. पहिलंच होतं, 'माणूस प्रथम'. तीच मूल्यं मग कॅलेंडरवर आली, चहाच्या कपावर आली, टोपीवर आली.

बाकी सगळ्यांनी कप घरी नेला आणि मूल्यं विसरली. वासुदेवरावांनी मात्र फलक वाचला. चष्मा लावून, एकेक ओळ. घरी जाऊन आनंदाबाईंना म्हणाले की आपण उगाच घाबरत होतो, ही माणसं आपल्यासारखीच आहेत, फक्त लिहून ठेवतात. सगळा घोळ इथून सुरू झाला. देवळीच्या माणसाने छापील गोष्टीवर विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तपासणी ठरली. परदेशातले कपडेवाले आता विचारत होते की आमच्या शर्टाचा कापूस ज्या जागी पिंजला जातो तिथे माणसांना कसं वागवतात. दाखला मिळाला तरच माल घेणार. मुंबईहून एक बाई येणार होत्या. धनंजय साहेबांनी वासुदेवरावांना सांगितलं की आपण माणसांची काळजी कशी घेतो ते त्यांना दिसलं पाहिजे, तुम्ही जुने आहात, तुम्हीच दाखवा. आणि स्वतः ते त्या दिवशी विमान चुकल्याने दुपारी पोचले.

तोवर वासुदेवरावांनी दाखवून टाकलं होतं. त्यांनी तपासणीच दसऱ्याच्या सकाळी ठेवली होती. सहाजणांना नवीन धोतर-टोप्या, कपाळाला गुलाल. बाई आल्या, तेव्हा पूजा चालू होती. वासुदेवरावांनी त्यांना खुर्ची दिली, पेढा दिला आणि आपल्या खास हिंदीत एकेकाची ओळख करून दिली. ये हमारे नत्थूजी, पंच्याऐंशी. ये अठ्ठ्याऐंशी, चार बोटें. ये चौऱ्याण्णव. एखाद्या शाळेचा हेडमास्तर मेरिटमध्ये आलेल्या मुलांची नावं सांगतो, त्या सुरात. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी अपघाताचं रजिस्टर मागितलं.

ते कोरं होतं. वीस वर्षांत त्यात एक नोंद नव्हती. वासुदेवरावांनी समजावून सांगितलं की घरातल्या माणसाला लागलं तर आपण काय वहीत लिहितो का, त्याला सांभाळतो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेढा खाल्ला आणि जाताना नत्थूला नमस्कारही केला. अहवालात मात्र त्यांनी लिहिलं की सहा गंभीर अपघात लपवले आहेत, रेच्यांवर जाळ्या बसवा, आणि या सहाजणांना कायद्याने काय द्यायचं ते द्या.

दिवाळीनंतर धनंजय साहेबांनी वासुदेवरावांना केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडण्याची त्यांची पद्धतच नव्हती. म्हणाले, जाळ्या पुढच्या वर्षीच्या बजेटात बघू. पण हे सहाजण फाटकावर असतील तोवर प्रत्येक तपासणीत हाच प्रश्न निघणार. त्यांना रक्कम देऊन राजीखुशीने नोकरी सोडायला सांगू. फाटकासाठी एजन्सीचे दोन गार्ड येतील.

वासुदेवराव म्हणाले, "साहेब, त्यांना शब्द दिलेला आहे."

"कोणी दिला?"

"मी."

"मग तो तुमचा शब्द आहे, वासुदेवराव. कंपनीचा नाही." साहेबांनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. "दाखला मिळाला नाही तर ऑर्डर गेली. दोनशे माणसं घरी बसतील. सहा की दोनशे, तुम्हीच सांगा. आणि ते फक्त तुमचं ऐकतात."

वासुदेवराव त्या रात्री काही जेवले नाहीत, असं आनंदाबाई सांगतात. सहा आणि दोनशे यांतला मोठा आकडा कोणता, हे कळायला काही शिक्षण लागत नाही. त्याचाच त्यांना त्रास होत असावा. सकाळी ते राजीनाम्याचे सहा अर्ज घेऊन फाटकावर गेले.

पाच जणांनी मुकाट्याने सही-अंगठा केला. वासुदेवरावांनी आणलेला कागद वाचायचा असतो, हे त्यांना कधी वाटलंच नव्हतं. नत्थू शेवटचा. कागदावर चौकट होती, 'डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा'. त्याने ती चौकट शेजारच्याकडून वाचून घेतली.

"डावा अंगठा तं तुमच्यापाशीच हाये साहेब," नत्थू म्हणाला. "पंच्याऐंशी सालापासून. पाहा कुठी ठेवला असंन तं."

कोणी हसलं नाही. नत्थूच सांगतो, माझा एवढा चांगला विनोद वाया गेला. मग त्याने उजव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला, चौकटीत दाबला आणि विचारलं, "तुमची नोकरी तं राह्यते ना?"

वासुदेवरावांनी मान हलवली. राहते.

"मंग झालं," नत्थू म्हणाला आणि फाटकावरची आपली छत्री काढून घेऊन गेला.

जाळ्या बसवू असं लिहून दिल्यावर दाखला मिळाला. धनंजय साहेबांची बढती होऊन ते गुजरातला गेले, जाताना वासुदेवरावांना मिठी मारून गेले. कंपनीच्या मासिकात फाटकाचा फोटो आला, निळ्या गणवेशातले दोन गार्ड, चारही हात शाबूत. रेच्यांवरची माणसंही आता कंपनीची राहिली नव्हती, ठेकेदाराची होती. जाळ्या बजेटात येत होत्या आणि जात होत्या.

दोन हजार सहाच्या जानेवारीत तानबाचा हात गेला. पुलगावकडचा माणूस, चाळिशीचा, दोन हंगाम रेच्यावर होता. ठेकेदाराने त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात टाकलं आणि हजेरीतून नाव काढलं. वासुदेवरावांना कोणी जायला सांगितलं नव्हतं. पण इतक्या वर्षांची सवय, ते गेले. खाटेपाशी उभे राहिले. तानबाच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. शेजारी त्याची बायको लीलाबाई संत्रं सोलत होती.

तानबा म्हणाला, "साहेब, आता फाटकावर लावसान ना?"

त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. सगळ्या जिनिंगमध्ये ती रीत माहीत होती. मोडली, हे मात्र कोणी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. लीलाबाई संत्रं सोलायची थांबली. वासुदेवरावांच्या तोंडून वीस वर्षं जे निघत होतं तेच निघालं. "बरा झाला की येजो."

तानबा एप्रिलमध्ये आला, सोमवारी, धुतलेला सदरा घालून. गार्डने ऑफिसात फोन लावला की कोणी तानबा आहे, साहेबांनी बोलावलं म्हणतो. वासुदेवराव खिडकीपाशीच उभे होते. त्यांना तो दिसत होता. ते फोनवर म्हणाले, साहेब नाहीत म्हणून सांग.

तानबाला राग आला नाही. साहेबलोकांना कामं असतात, मी पुढच्या सोमवारी येतो, असं सांगून तो बसस्टँडकडे गेला. पुढच्या सोमवारी आला. त्याच्या पुढच्याही आला. गार्डांशी त्याची ओळख झाली. ते त्याला बसायला स्टूल देऊ लागले.

वासुदेवराव आणखी दोन वर्षं मॅनेजर होते. सोमवारी ते मागच्या दाराने येत-जात, जिथून सरकीचे ट्रक निघतात.