बंड्याचा खोकला

"काटाच अडकलाय, दुसरं काय. मांदेलीचं डोकं घातलं असेल कुणीतरी," शेजारच्या राणेकाकू आईला सांगत होत्या, आणि मी दाराआड उभी राहून आमच्या बंड्याकडे बघत होते. गॅलरीच्या कठड्याशी मान लांब करून, पुढचे पाय ताठ रोवून तो खोकत होता. कोरडा, करकरीत आवाज, पत्र्यावरून विळी ओढल्यासारखा… आणि शेवटी ओकारी आल्यासारखं करून तो थोडासा पांढरा फेस फरशीवर टाकायचा. मग शेपटी हलवत आमच्याकडे असा बघायचा, की जणू लादी खराब केल्याची माफीच मागतोय.

गिरगावातल्या आमच्या मजल्यावर घशात काटा अडकला की उपाय ठरलेला होता—भाताचा गोळा, न चावता गिळायचा. माणसाला चालतो तर कुत्र्याला का नाही? पहिल्या दिवशी आईने गोळे केले, दुसऱ्या दिवशी राणेकाकूंनी वर तुपाचं बोट लावून. ऊन भाताचा आणि कढत तुपाचा तो वास गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा. बंड्या प्रत्येक गोळा मोठ्या आनंदाने गिळायचा आणि प्रत्येक गोळ्यानंतर तितक्याच मनापासून खोकायचा. तिसऱ्या दिवशी आईने टॅक्सी केली आणि आम्ही त्याला भायखळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली आणि खोकल्याची उबळ लगेच आली. काटाबिटा काही नाही, ते म्हणाले, हा संसर्गाचा खोकला, एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागतो. आई तिथल्या बाकावर बसलीच, इतका वेळ उभी होती हे तिला तेव्हा कळलं. गळ्याचा पट्टा काढून छातीचा बांधा, गरम पाण्याची वाफ द्या, बाम मात्र अजिबात लावू नका, दोन-तीन आठवड्यांत बरा होईल… ते सांगत गेले. मोठ्या कुत्र्याला सहसा धोका नसतो, पण लहान पिल्लांच्या छातीत उतरतो, म्हणून जपायचं. आणि मग त्यांनी विचारलं, हा एवढ्यात कुठल्या कुत्र्यांना भेटला होता का?

"नाही हो," आई म्हणाली. "गॅलरी आणि कोपऱ्यावरचा खांब, एवढंच त्याचं जग."

मी वजनकाट्यावरचे आकडे वाचत राहिले.

कारण त्याचं जग एवढंच नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्याला कोपऱ्यावर नेते असं आईला वाटायचं, आणि आम्ही दोघं खोताच्या वाडीपर्यंत जायचो. तिथल्या एका हिरव्या फाटकामागे करडी कुत्री राहायची. बंड्या जाळीतून तिच्या नाकाला नाक लावायचा, आणि दिवाळीनंतर तिची चार पिल्लंही त्याच जाळीपाशी धडपडत यायची. व्हरांड्यात फुलाफुलांच्या फ्रॉकमधल्या एक आंटी वाटाणे सोलत बसलेल्या असायच्या. वर्षभरात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली की मी चालू लागायचे. शाळेत दर वर्षी प्रगतिपुस्तकात बाई इंग्रजीत लिहायच्या की ही मुलगी बोलत नाही, घरी पाहुणे आले की तेच मराठीत ऐकू यायचं. त्या फाटकापाशी मला कुणी काही विचारत नव्हतं. ती जागा माझी होती, आणि आईला सांगितलं असतं तर ती माझी राहिली नसती.

बंड्याला वाफ द्यायची ती मोरीत. आई कढत पाण्याच्या दोन बादल्या ठेवून दार ओढून घ्यायची, आत मी आणि तो. भिंतींवरून पाणी ओघळायचं, शिकेकाईचा आणि ओल्या केसांचा वास दाटून यायचा, माझा चष्मा पांढरा व्हायचा. बाहेरून राणेकाकू म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्यापेक्षा याचीच पथ्यं जास्त," आणि आई हसायची. किती दिवसांनी हसली होती! आणि मी मात्र काहीही न दिसणाऱ्या त्या वाफेत फक्त खोकला ऐकत बसायचे. बंड्याचं एवढं रुंद छातीचं धूड त्या उबळीने हलायचं… पिल्लांची छाती माझ्या मुठीएवढी होती. वाफेच्या तिसऱ्या दिवशी मी दार उघडून बाहेर आले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, बंड्याचं अंग कधी न लागलेला इस्त्रीचा फ्रॉक घातला आणि एकटीच जिना उतरले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते आठवलं की आजही छाती हलकी होते. चारांपैकी एक पिल्लू दोन दिवस शिंकलं, बस्स. बाकी कुणाला काही झालं नाही. बंड्या नाताळच्या आधी बरा झाला, पुढे आठ वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत घशात काही नसतानाही भाताच्या गोळ्याची वाट बघत राहिला. आता तो नाही. करडी कुत्रीही नाही. फाटकाला दुसरा रंग आहे.

पण त्या संध्याकाळी ते हिरवंच होतं. वाडीत नाताळच्या कागदी चांदण्या टांगायचं काम चाललं होतं, कुठल्याशा घरातून नारळाच्या दुधाचा आणि तळणाचा गोड वास येत होता. वक्तृत्वस्पर्धेतल्या भाषणासारखं मी एक इंग्रजी वाक्य रस्ताभर घोकत आले होते. फ्रॉकवाल्या आंटींशी इंग्रजीतच बोलायचं असतं, अशी माझी समजूत. मला बघून पिल्लं जाळीकडे धावली, मी हात पाठीमागे घेतले. आंटींनी मान वर केली. या वेळी मी हलले नाही.

"काय गो, आज एकटीच?" त्या म्हणाल्या. "तुझा तो कुठाय? चार दिवस झाले, आमची करडी वाट बघते त्याची."

म्हणजे त्यांना सगळं दिसत होतं. वर्षभर, रोज. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला, वाटला होता त्याहून मोठा.

"आंटी, आमच्या बंड्याला खोकला झालाय, तो पिल्लांना लागतो. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. मला तीन दिवसांपासून माहीत होतं."