चटणीच्या भांड्यातली कॉफी

मुलीने पहिल्या पगारातून आम्हा नवरा-बायकोला एस्प्रेसो मशीन पाठवलं आणि रविवारी ती स्वतः कॉफी प्यायला येणार होती. आठ दिवस मी रोज करून पाहिली. कधी पाणचट, कधी कडूजहर. शेवटी लागणाऱ्या अकरा वस्तूंची यादी करून खोपट बसस्थानकाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात गेलो.

दुकानाच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. बोलता बोलता हातातलं फडकं काउंटरवरून फिरतच होतं. यादी बाजूला ठेवून त्यांनी मी नेलेली पूड आधी हुंगली.

"काका, बिया कशात दळल्या?"

"मिक्सरमध्ये. चटणीच्या भांड्यात."

"तरीच! लसूण बोलतोय हो!" त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

मग त्यांनी नऊ वस्तूंवर काट मारली. ग्राइंडर आणि छोटा वजनकाटा, एवढंच ठेवलं. "पूड दाबायचा दट्ट्या मशीनबरोबर आलाय, तो पुरे. पण आधी इथे कॉफी करून दाखवा, मगच विकते."

मी दुकानातल्या ग्राइंडरवर बिया दळल्या, अठरा ग्रॅम पूड मोजून दाबली. कॉफी बारा सेकंदांत धो धो आली.

"जाड दळलंय. अजून बारीक."

तिसऱ्या खेपेला अठ्ठावीस सेकंद लागले आणि धार मधासारखी पडली. बाईंनी माझा कप उचलला आणि उभ्या उभ्या संपवला. "आता न्या."

विकण्याआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी लेकीने घोट घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "आई, तुझा कपपण दे ना."