आज आराम हाये

मारोती वस्ताद कुठेही ताण द्यायचे. बँकेच्या रांगेत उभे असले की पायरीच्या कडेवर नुसते चवडे टेकवून टाचा खाली सोडायचे. लग्नात पंगत बसायला उशीर असला की मांडवाचा खांब धरून खांदे मोकळे करायचे. एकदा तर तेरवीच्या घरी भिंतीला दोन्ही हात लावून पिंढऱ्या ताणत उभे राहिले, आणि रडणाऱ्या बाया रडणं थांबवून त्यांच्याकडे पाहू लागल्या. मी त्यांना हाताला धरून अंगणात आणलं.

"वस्ताद, थोडी लाज वाटू द्या."

"काल बैठका झाल्या ना बाई. पायाले काय समजते, तेरवी हाये का बारसं हाये?"

या माणसावर माझा राग आहे. बरीच वर्षं झाली, पण तो कमी झालेला नाही, आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

वस्ताद मूळचे आलापल्लीकडचे. तिथल्या लाकूड डेपोत चौकीदार होते. निवृत्त झाल्यावर बायकोच्या गावी, म्हणजे कोरपन्याजवळच्या आमच्या गावी राहायला आले. बुटके, छातीनं रुंद, मान असून नसल्यासारखी. येताना ट्रकमध्ये संसार थोडा आणि लोखंड जास्त होतं. बार, प्लेटा, एक लाकडी बाक. सोसायटीचं कापसाचं जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. तेव्हाच्या लोकांनी "वापरा" म्हटलं, यांनी वापरलं, पोरींना व्यायाम शिकवायला. कागद नाही, करार नाही. मला विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सही घेतली असती. पण मला कोण विचारतं?

मी कोण, तेही सांगते. लोकांच्या बांधकामावर मी सिमेंटच्या गोण्या वाहिल्या. आज त्याच सिमेंटचं माझं दुकान आहे. कंपनीचा माणूस भाव सांगतो तेव्हा मी आधी हसते, मग चहा मागवते, मग त्याला घाम फुटेपर्यंत बोलत बसते. भाव न करता मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. फक्त कंबर तेवढी भाव न करता गेली. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, "यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही." म्हणजे बसून राहायचं, आणि नोकर काय करतात ते दुरून पाहायचं.

वस्ताद गोदामाची फरशी दुरुस्त करायला सिमेंट घ्यायला आले होते. टेबलाचा आधार घेऊन मी खुर्चीतून उठले, ते त्यांनी पाहिलं.

"दुखणं पसरते का टोचते?"

"तुमाले काय करायचं हाये?"

"पसरते ते मेहनतीचं. एका जागी टोचते ते मोडल्याचं. दोन्हीचा इलाज येगळा. कोणतं हाये?"

मी विचार केला. "पसरते."

"मंग उद्या सकाळी या. रिकाम्या पोटी नोका येऊ."

मी गेले. आणि त्यांनी माझ्या हातात बांबूची काठी दिली. मला! पन्नास किलोची गोणी डोक्यावर घेऊन शिडी चढलेल्या बाईला काठी! समोर शाळेतल्या पोरी बार उचलत होत्या आणि मी काठी घेऊन खाली वाकत होते, वर येत होते. मी म्हटलं, "निदान नुसता बार तरी द्या." नाही. "आठ दिवसांनी?" नाही. "ठीक हाये, तुमचं नाई माझं नाई, पंधरा दिवसांनी." वस्ताद पोरींकडे पाहत म्हणाले, "काठी सरळ जाईन तवा बार भेटीन. इथी भाव होत नाई, बाई."

एका माणसानं मला आयुष्यात पहिल्यांदा असं सांगितलं, आणि मी काठी फेकून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. का गेले ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा हरले असं त्यांना वाटू नये म्हणून.

काठी सरळ जायला बरेच दिवस लागले. मग बार मिळाला, आणि बार उचलल्याच्या दुसऱ्या सकाळी मला खाटेवरून उठता येईना. मांड्या, पाठ, दंड, सगळं लाकूड. मी गोदामात येणाऱ्या एका पोरीकडून निरोप पाठवला की बाई मेली. वस्ताद स्वतः दारात येऊन उभे राहिले.

"कापूस येचला का कधी?"

"लहानपणापासून येचला."

"येचणीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कंबर कशी होते? मंग दुसऱ्या दिवशी जे बाई खाटेवर पडते ते आखडते. जे हळूहळू वावरात जाते, तिचं दुपारपर्यंत आंग मोकळं होते. खरं का खोटं?"

खरं होतं. प्रत्येक वेचणीला आम्ही हेच पाहिलं होतं, फक्त कोणी असं बोलून दाखवलं नव्हतं.

"म्हणजे आज पण बार?"

"नाई! आज बाराले हात नाई लावायचा. आज चालायचं, ताण द्यायचा, गरम पाण्यानं आंघोळ करायची. आराम म्हणजे झोपणं नाई, अन् आराम म्हणजे कामचोरी पण नाई. तो कामातलाच दिवस हाये."

हा त्यांचा धर्म होता. एक दिवस वजन, एक दिवस आराम. पाऊस असो, निवडणूक असो, घरात पाहुणे असोत. वजनाच्या दिवशी कोणी आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन उभे राहायचे. आरामाच्या दिवशी कोणी चोरून बार उचलला तर त्याला हाकलायचे. पोरी त्यांना पाठीमागे "कॅलेंडर" म्हणायच्या. माझी कंबर मात्र सुधारली. वर्ष संपायच्या आत मी दुकानातली गोणी उचलून नोकराच्या खांद्यावर ठेवली, आणि तो नोकर त्या दिवसापासून वेळेवर येऊ लागला.

आता रागाचं सांगते.

सोसायटीवर नवीन अध्यक्ष आला. त्याला गोदाम पाडून लग्नाचा हॉल बांधायचा होता. "म्हातारा लोखंड ठेवून बसला, गावाले काय फायदा?" असं तो चौकात बोलू लागला. तिथे पोरी व्यायाम करत होत्या, त्यातल्या दोघी पोलीस भरतीची तयारी करत होत्या, हा त्याच्या हिशेबानं फायदा नव्हता. वस्तादांना मी म्हटलं, जाऊन भेटा. ते म्हणाले, "मी काय बोलू? मले वजन सांगता येते, भाषण नाई." म्हणून मी गेले. एकदा नाही, अनेकदा. चहा प्यायले, भांडले, हसले, पुन्हा भांडले. शेवटी पोळ्याच्या सकाळी अध्यक्ष तोऱ्यात म्हणाला, "एवढा वस्ताद हाये ना? मंग आज पोळा फुटल्यावर मारोतीपुढचा गोटा खांद्यावर घेऊन दाखवा म्हणा. साऱ्या गावासमोर. घेतला तर गोदाम त्याचं, मी तोंड उघडणार नाई."

आमच्या गावी मारोतीच्या देवळापुढे एक गोल काळा गोटा आहे. पोळा फुटला की जवान पोरं त्याच्याशी झटतात. बहुतेकांच्या गुडघ्याच्या वर तो येत नाही. वस्तादांच्या ताकदीचा माणूस तो सहज घेईल हे मला ठाऊक होतं. मी लगेच अध्यक्षाचा हात हातात घेतला आणि चार माणसं साक्षीला उभी केली. असा सौदा मी जन्मात केला नव्हता. काहीही न देता आख्खं गोदाम!

संध्याकाळी तोरणाखाली बैलांची रांग लागली. झूल, बेगड, रंगवलेली शिंगं. झडत्यांची गाणी झाली, तोरण तुटलं, पोळा फुटला. गर्दी मारोतीकडे वळली. अध्यक्षानं मोठ्या आवाजात सौदा सांगितला आणि सगळं गाव वस्तादांकडे पाहू लागलं. ते देवळाच्या पायरीवर उभे होते, टाचा खाली सोडून.

"या वस्ताद," अध्यक्ष म्हणाला. "घ्या गोटा."

"आज आराम हाये," वस्ताद म्हणाले. "उद्या घेतो."

मला वाटलं गंमत करत आहेत. लोक हसले. मी गर्दीतून पुढे होऊन त्यांच्या कानाशी म्हटलं, "वस्ताद, गोदाम हाये याच्यावर. उचला."

"काल भारी उचल झाली, बाई. पाठ अजून भरलेली हाये."

"पसरते का टोचते?"

"पसरते."

"मंग काय झालं? मरता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बैल घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "काल तुमी बैलाचे खांदे शेकले. हळद लावली, तूप लावलं. आज बैलाले जोतते का कोणी? लाख रुपये देतो म्हटलं तरी जोतते का? मंग मले काऊन जोतता?"

दोन-चार म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या जागी मी असते तर उद्याची तारीख तिथेच मागून घेतली असती. पण वस्ताद बोलून मोकळे झाले आणि पिंढऱ्या ताणू लागले. अध्यक्षाला तेवढी सवड पुरली.

"बैल सालभर राबते, वस्ताद. तुमी कोणाचं वावर वाहलं?"

मग जे हसू फुटलं, ते माझ्या कानात अजून आहे.

मी त्यांच्या मागे त्यांच्या अंगणापर्यंत गेले. गावानं ऐकावं इतक्या मोठ्यानं बोलले. वेडे म्हटलं, अडाणी म्हटलं, पोरींचा घात केला म्हटलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "सौदा कराच्या आंधी मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं तर तुमी नाई म्हटलं असतं!"

"बरोबर," ते म्हणाले. "डेपोत असताना आमच्या खात्याच्या स्पर्धा होत. जिंकलो होतो मी. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. त्याहिले पाह्याचं होतं. म्हणे, मारोती, पुन्हा उचलून दाखव. आंग ठणकत होतं. साहेबाचा शब्द कसा मोडू? उचललो. पाठीत कट्टकन वाजलं. सहा महिने बायकोनं मले कुशीवर वळवलं, बाई. त्याच्यानंतर कोणत्याच स्पर्धेत उतरलो नाई. साहेब पाह्याले आले नाई." ते उठून घरात जाता जाता थांबले. "तवा साहेबाचं ऐकलो. आज तुमचं ऐकू?"

मला त्या साहेबाच्या रांगेत बसवलं! ज्या मी गोदामासाठी अध्यक्षाच्या दारात चपला झिजवल्या, त्या मला! मी तरातरा घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद खरंच मारोतीपुढे गेले. मी दुकान उघडायला जात होते, ते दिसले. देऊळ झाडणारी कौसल्याबाई सोडली तर तिथे कोणी नव्हतं. त्यांनी सावकाश अंग गरम केलं. हात फिरवले, बैठका मारल्या, गोट्याभोवती एक फेरी मारून तो कुठून धरायचा ते पाहिलं. मग वाकले. गोटा मांडीवर आला, मांडीवरून छातीवर, छातीवरून खांद्यावर. खांद्यावर घेऊन ते उभे राहिले आणि तसाच, आवाज न करता, खाली ठेवला. कौसल्याबाईच्या हातातला झाडू थांबला होता. वस्ताद लगेच ताण द्यायला लागले.

मी कौसल्याबाईला धरून अध्यक्षाकडे नेलं. तिनं पाहिलं ते सांगितलं. तो दात कोरत म्हणाला, "शिळा पोळा कोण पाह्यते, सुमनबाई?" कालचे माझे चार साक्षीदार तिथेच बसले होते. एकाचंही तोंड उघडलं नाही. त्या चौघांना मी आजही उधार सिमेंट देत नाही.

दिवाळीआधी गोदामाला कुलूप लागलं. मी माझी सिमेंटची शेड देऊ केली. वस्तादांनी आत येऊन एक मोठा श्वास घेतला, खोकले, आणि म्हणाले, "या धुळीत पोरी दम कशा घेतीन?" बायको आधीच वारली होती. पोरगी सिरोंच्याला होती, ती कधीची बोलावत होती. ते गेले. लोखंड माझ्या दारात ठेवून गेले, जणू मी मागितलं होतं.

मग मी सिमेंट नवीन पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं, जुनी शेड चार वेळा धुतली, भिंतींना चुना मारला आणि पोरींना बोलावलं. हे मी प्रेमानं केलं असं कोणी म्हणू नये. रागानं केलं. अध्यक्षाच्या हॉलच्या अगदी समोर आहे ती शेड. लग्नाची वरात आली की आम्ही प्लेटा जरा जोरात ठेवतो.

वस्तादांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत. "काल उचल केली का? मंग आज ताण देऊन राह्यले ना?" मी म्हणते, "वस्ताद, त्या दिवशी उचललं असतं तर आज गोदाम आपलं असतं." ते म्हणतात, "पिंढऱ्या इसरू नोका." आणि फोन ठेवतात.

यंदा पोळा फुटल्यावर अध्यक्षानं मला देवळासमोर गाठलं. अवतीभवती त्याची माणसं होती. "सुमनबाई, लई पोरी तयार करून राह्यल्या म्हणे. आज तुमीच घ्या ना गोटा. वस्तादचं नाव तरी राहीन."

खरं सांगते, मला तो गोटा उचलून त्याच्या पायावर सोडायचा होता. मांडीपर्यंत तर मी तो नक्की आणला असता. पण आदल्या दिवशी माझी भारी उचल झाली होती आणि पाठ भरलेली होती. पसरत होती.

"आज आराम हाये," मी म्हटलं. "उद्या सकाळी या."

ते सगळे हसले. तसंच हसले. उद्या त्यांच्यातलं कोणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. वस्ताद चुकले होते असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. देवळाच्या पायरीवर उभी राहून मी त्या हसणाऱ्या तोंडांकडे पाहत राहिले, आणि टाचा हळूहळू खाली सोडल्या.