जास्वंदीखालचा नाग

गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडापुढे चार पावलांचे अंगण होते. जास्वंद, तगर, अबोली, गुलबाक्षी, कुणाच्याही दारी असतात तीच झाडे. पण सगळी वाडी देवाची फुले तिथूनच नेई. त्या बागेचा राजा मी, आणि दवंडीवालाही मीच!

प्लेगच्या पहिल्या साली एका दुपारी जास्वंदीच्या बुंध्याशी मेलेला उंदीर दिसला. अशा उंदराची कुणकुण लागली की तपासणीवाले येत, घर रिकामे करवत आणि माणसांना छावणीत नेत. आत बायकोला आठवा महिना लागलेला. वाडी जेवून लवंडली होती तेवढ्यात मी खड्डा केला, उंदीर चिमट्याने उचलून पुरला आणि चिमटा चुलीत घातला.

मग आठवले, की उद्या पहाटे शेजारच्या काकू गणपतीसाठी नेमकी याच झाडाची फुले काढणार, त्याच मातीत अनवाणी उभ्या राहून!

संध्याकाळीच त्यांना गाठले. आवाज खाली आणला, डोळे विस्फारले. "काकू, जास्वंदीत नाग आहे. एवढा फणा! तिकडे फिरकू नका."

फणा हातांनी दाखवताना, खोटे कशाला सांगू, मजाही आली.

सकाळी दार उघडतो तो काय! पुढे काकू, मागे सात-आठ बायका, हातांत दूध, लाह्या, हळदकुंकू, फुलांच्या परड्या.

"अहो, मागे व्हा! चिडलाय तो!"

"म्हणून तर दूध," एक जण म्हणाली. "बायका पुढे, आणि हे बघा, उंबऱ्याला चिकटलेत!"

दूध पडत गेले, तशी कालची भुसभुशीत माती खचली. मला शेपूट दिसले. काकूंनाही दिसले. त्यांनी ओंजळभर लाह्या बरोबर त्याच्यावर ओतल्या.

"झाले दर्शन. चला गं, पांगा."

अंगण रिकामे झाल्यावर त्या वळल्या. "नाग म्हणे! मेल्या, उंदीर पुरलास ना?"

"पाया पडतो काकू, बोलू नका कुठे. हिचे दिवस भरत आलेत."

"मी कोणत्या तोंडाने बोलू? परवा माझ्या माजघरात एक मेला. आमच्या दारी माती कुठली? तुझ्या तगरीखाली पुरलाय."

मी हसायला तोंड उघडले ते तसेच राहिले. एक उंदीर मांजराने मारला असेल, असे मी रात्रभर स्वतःला समजावले होते. दुसरा कुणी मारला? काकूंचाही चेहरा उतरला. त्यांनी फुलांची परडी तिथेच उपडी केली.

"वाडीला सांगायला हवे रे."

बायकोला गावी धाडायला बैलगाडी सांगितली, आणि ती गाडीत बसेपर्यंत आम्ही दोघे दारोदार फिरलो. कालपर्यंत नागाचा फणा रंगवून सांगणारा मी, आता मला 'दोन उंदीर' एवढेही धड म्हणता येईना. मघाशी मला हसलेली बाई ऐकता ऐकताच आत गेली आणि दोरीवरचे ओले कपडे गाठोड्यात भरू लागली.