थांबा आंटी

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत पंजाबी, तमिळ, बंगाली, सगळ्या मुलांना एक मराठी शब्द नक्की यायचा: 'थांबा'. तो त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी शिकवला. दर शनिवारी संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये त्या मुलांना हिंदीतून गोष्टी वाचून दाखवत आणि ऐन मोक्याला पुस्तक मिटून म्हणत, "थांबा. अब तुम बताओ, क्या करना चाहिए?" मुलं त्यांना थांबा आंटीच म्हणत.

पालक खूश होते. मुलांवर परस्पर संस्कार होत होते आणि तेवढ्यात सरोजिनी नगरची खरेदी उरकत होती. मॅनेजिंग कमिटीने ऐन मे महिन्यात आंटींना शाल दिली. सेक्रेटरींनी लांबलचक भाषण केलं. आंटी मला हळूच म्हणाल्या, "शाल उबदार आहे हो. भाषणाने तर घामच फुटला." कमिटीवर मीही होतो.

एका शनिवारी गोष्ट अमेरिकेतली होती. एक गोरी मुलगी बघते, की तिच्या काळ्या मैत्रिणीला दुकानात मागच्या दाराने जावं लागतं. आंटींनी पुस्तक मिटलं. मुलं भडकली. दुकानदाराला जेलमध्ये टाकायचं, इथपर्यंत मजल गेली. मग नऊ वर्षांची गुरलीन म्हणाली, "आंटी, लिंथोई को भी तो गेट पे रोज साइन करना पड़ता है."

लिंथोई मणिपूरची. दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तरी शाळेतून आली की गार्ड तिच्यापुढे व्हिजिटर रजिस्टर सरकवायचा: नाव काय, कोणाला भेटायचंय. आम्ही सगळे ते रोज बघत होतो, म्हणजे बघत नव्हतो.

लिंथोई मान खाली घालून बसली होती. आंटींनी त्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

सोमवारी शाळेच्या बसमधून उतरलेली अकराच्या अकरा मुलं गेटवर लिंथोईच्या मागे रांगेत उभी राहिली. सगळ्यांनी रजिस्टरमध्ये सह्या केल्या. 'कोणाला भेटायचंय' या रकान्यात गुरलीनने लिहिलं, मम्मी.

सेक्रेटरी धावत आंटींकडे गेले. "मॅडम, वो अमेरिका की बात है! बच्चों को पॉलिटिक्स मत सिखाइए."

"मैंने तो बस किताब बंद की थी," आंटी म्हणाल्या.

बुधवारी नोटीस लागली: दुरुस्तीसाठी हॉल बंद. कसली दुरुस्ती, हे कमिटीत कोणी विचारलं नाही. नोटिशीखाली तीन सह्या होत्या, एक माझी.

लिंथोईच्या वडिलांना आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर मिळालं, ते निघून गेले. पुढच्या वर्षी आंटीही मुलाकडे नाशिकला गेल्या. निरोपाला गेलो तेव्हा म्हणाल्या, "तुमची सही सुरेख आहे. त्या सोमवारी गेटवर केली असतीत, तर मुलांना दिसली असती."

हॉलची दुरुस्ती अजून चालू आहे. गेटवर रजिस्टर जाऊन ॲप आलं. परवा चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नागालँडच्या मुलीला गार्डने अडवलं. "किससे मिलना है?" मी भाजीची पिशवी घेऊन तिच्या मागेच होतो. 'थांबा' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण गार्डला मराठी कुठे कळतं, अशी स्वतःची समजूत घालून मी आत गेलो. मला कोणी काही विचारलं नाही.