चार फूट जमीन आणि सहा कोंबड्या

मी आयुष्यात एकदाच दुसऱ्याची जमीन बळकावली, आणि तीही रविवारी सकाळी, ती बाई चर्चमध्ये असताना.

आम्ही राहतो नाहूरला, पण आजोबांचं बैठं घर मढला आहे. निवृत्त झाल्यापासून बाबा तिथेच असतात. शेजारी रोझीमावशी, बाबांच्याच वयाची. दोन अंगणांच्या मध्ये बांबूचं मोडकं कुंपण. मोबाईलवर नकाशा बघताना मला शोध लागला, की ते कुंपण चार फूट आमच्या बाजूला सरकलंय. (मी साकीनाक्याला पाण्याचे पंप विकतो. जमिनीशी माझा संबंध एवढाच, की मी तिच्यावर उभा असतो.)

बाबा मासे आणायला गेले होते. मी कुंपण उपटलं आणि चार फूट पलीकडे रोवलं. शेवटचा बांबू ठोकल्यावर लक्षात आलं, की मावशीचं खुराडं सहा कोंबड्यांसकट आमच्या हद्दीत आलंय.

मावशी परतली. मी भांडणाची वाक्यं तयारच ठेवली होती. तिने कुंपण पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "तांबडी अंड्यांवर बसलीय. तिच्या जवळ जाऊ नको, बोट फोडते."

बाबांनी मात्र माझ्याशी बोलणंच टाकलं. कुंपण परत लाव, एवढा एकच निरोप ते माझ्या बायकोला फोन करून देत राहिले. मीही हट्टाला पेटलो आणि सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. मोजणी होईपर्यंत मावशी रोज आमच्या फाटकातून यायची, कोंबड्यांना दाणे टाकायची आणि जाताना बाबांच्या ओट्यावर दोन अंडी ठेवायची. त्यातलं एकही मला मिळणार नाही, असा बाबांचा हुकूम होता.

अखेर मोजणीदार आले. त्यांनी एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. कुंपण मुळातच चुकीच्या जागी होतं खरं, पण चूक आमच्या फायद्याची होती. खरी हद्द जुन्या कुंपणाच्याही सहा फूट अलीकडे, थेट आमच्या न्हाणीघरातून जात होती.

"बादली तुमच्या जमिनीत आहे," त्यांनी मला शांतपणे समजावलं, "नळ त्यांच्या."

बाबांना काहीच नवल वाटलं नाही. आजोबांना न्हाणीघराला जागा कमी पडली, तेव्हा मावशीचे सासरे 'बांध की' म्हणाले होते. कागद वगैरे कुणी केला नाही.

मी मावशीला विचारलं, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "आंघोळ करू नको म्हणू?"

त्याच दुपारी मी कुंपण जुन्या जागी नेलं. मावशी खुर्ची टाकून देखरेखीला बसली होती. तांबडीने माझं बोट फोडलंच, आणि हळद मावशीनेच लावली.

आता मढला गेलो, की आंघोळीआधी मी कुंपणावरून तिची परवानगी मागतो. ती कधीच नाही म्हणत नाही. परवा फक्त म्हणाली, "कर आंघोळ. पण आत गाणं म्हणू नको. जमीन माझी आहे."